तीन वाजताचं रीडिंग

सूनबाई आमच्याकडे राहायला आली तेव्हा सोबत दोन बॅगा, एक कुंडी आणि एक काचेची पेटी घेऊन आली. बॅगांबद्दल आणि कुंडीबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पेटी मात्र चिरंजीवांनी तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून वर आणली, जिन्यात मला म्हणाले, "बाबा, जरा बाजूला व्हा," आणि मी तेव्हाच ओळखलं की ह्या घरात आता आपला नंबर पेटीच्या नंतर.

पेटी म्हणजे गेम खेळायचा कॉम्प्युटर. आत पंखे, पंख्यांना रंगीत दिवे. सगळे चहा घेत होते तेव्हा मी चष्मा लावून मागची पट्टी वाचली. साडेआठशे वॉट. म्हणजे जवळजवळ एक इस्त्री. पण इस्त्री माणूस अर्धा तास करतो. ही इस्त्री सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालणार होती, कारण गेम खेळणं हीच सूनबाईची नोकरी. नवा गेम बाजारात यायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि कंपनीला लिहून कळवायच्या. असल्या कामाला पगार मिळतो हे मला खरं वाटेना. मी नेमणूकपत्र मागून घेतलं आणि वाचलं. खरं निघालं. तरी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी संशयी आहे हे मी नाकारत नाही. चौतीस वर्षं सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तासातासाला पॅनलपुढे उभं राहायचं, मीटरच्या काचेवर बोटाने टिचकी मारायची म्हणजे अडकलेला काटा जागेवर येतो, आणि आकडा लॉगशीटवर लिहायचा. काटा स्थिर दिसला की माणूस निवांत होतो, आणि माणूस निवांत झाला की काहीतरी जळतं. म्हणून स्थिर काट्यावरही मी कधी विश्वास ठेवला नाही. हाताखालची मंडळी मला पाठीमागे 'काटा' म्हणायची. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्याच आठवड्यात घरातली वीज गेली. एकाच वेळी गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि ती पेटी. घराचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वीस अँपिअरचा, तो बिचारा किती सोसणार? पडला. मी तो वर केला आणि वळलो तर सूनबाई दारात उभी, चेहरा पांढराफटक. तेव्हा कळलं की तिची नोकरी अजून तीन महिन्यांच्या परीक्षेवर आहे. सहा जण मिळून एक गेम तपासतात, आणि एकाचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की सहाही जणांची मेहनत वाया. त्या दिवशी तिला लेखी समज मिळाली. तिसरी समज म्हणजे घरी बसा.

संध्याकाळी चिरंजीव माझ्याशी फार गोड बोलले. ते गोड बोलले की मी सावध होतो. म्हणाले, "बाबा, पुढच्या महिनाअखेरपर्यंत बघू. इथे जमलं तर उत्तमच. नाहीतर हिच्या कामासाठी आम्हाला वेगळं घर बघावं लागेल."

मला ते जायला नको होते. सहा वर्षं ह्या घरात आम्ही नवरा-बायको दोघंच होतो. ही एका खोलीत, मी दुसरीत, आणि मध्ये टीव्ही. आता सकाळी बाथरूमसाठी भांडण व्हायचं, चपला एकमेकांवर पडलेल्या असायच्या, आणि मला ते बरं वाटायचं. पण असलं काही तोंडाने बोलायची मला सवय नाही. बोलायच्या ऐवजी मी नियम केला.

नियम असा. प्लायवूडचे दोन बिल्ले कापले, लाल रंग दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला लटकवले. गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि कॉम्प्युटर, ह्यांतलं काहीही चालू करायचं तर एक बिल्ला काढून त्या वस्तूला अडकवायचा. खिळ्यावर बिल्ला नसेल तर थांबायचं. दोन चालतील, तिसरं नाही. सूनबाईने मान डोलावली आणि आपला बिल्ला घेऊन गेली. तो सहा वाजेपर्यंत परत येत नसे. उरलेल्या एका बिल्ल्यावर बाकीचं घर चालवायचं होतं.

"सदतीस वर्षं ह्या घरात कपडे धुतेय," ही म्हणाली. "आता परवाना लागणार."

"परवाना नाही, शिस्त."

"तेच ते."

नियम केला की तो पाळला जातोय का हे बघावं लागतं. माझ्याकडे सबस्टेशनच्या भंगारातून आणलेला काट्याचा जुना अ‍ॅमीटर होता. काचेचा, हाताच्या पंजाएवढा. घरात किती करंट चाललाय हे तो दाखवणार. पॅसेजमधला बोर्ड उघडून मी एमसीबीची तार सोडवली, ती ह्या मीटरमधून फिरवून आणली आणि मीटर एमसीबीच्या शेजारी त्याच लाकडी फळीवर बसवला. मग एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि दहा ते सहा तासातासाचं रीडिंग सुरू केलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला दिवस पुरेनासा झाला.

आणि तरीही वीज जात राहिली. रोज नाही, पण आठवड्यातून चार वेळा, पाच वेळा. वेळ ठरलेली, दुपारी तीन वाजून गेल्यावर. त्या वेळी सूनबाईचं मुख्य काम जोरात असतं आणि आमची ही वॉशिंग मशीन लावते. दोन बिल्ले, दोन वस्तू. सगळं नियमात. तीनचं रीडिंग घ्यायचो तेव्हा काटा बाराच्या आसपास असायचा. वीसचा एमसीबी बारावर पडेल कसा? पडणारच नाही. म्हणजे मी रीडिंग घेऊन वळलो की घरात कोणीतरी चोरून तिसरी वस्तू चालू करत होतं. माझ्या पावलांचा आवाज ऐकून बंद करायचं, मी गेलो की पुन्हा चालू. सरळ हिशेब होता.

शिवाय काटा थरथरायचा. बसवला तेव्हा थरथरत नव्हता. मी वहीत लिहिलं: 'दु. ३. बारा अँपिअर. काटा अस्थिर. आत काहीतरी चालू-बंद होत आहे.' 'आत' म्हणजे सूनबाईच्या खोलीत, हे लिहायची गरज नव्हती.

खोलीचं दार दिवसभर बंद. कामासाठी शांतता हवी, असं सांगितलं होतं. पण मी दाराशी उभा राहिलो की आतून हसण्याचे आवाज यायचे. दाराखालून गरम हवा पायाला लागायची. हिटर? ऐन उन्हाळ्यात हिटर कशाला, असं ही म्हणाली. मी म्हटलं, "तेच तर शोधायचंय."

मग एक पार्सल आलं. दार मी उघडलं. हातात मावेल एवढं खोकं, वजन मात्र चांगलं. सूनबाई आतून जवळजवळ धावतच आली आणि माझ्या हातातून खोकं घेऊन गेली.

"काय मागवलंस?" मी विचारलं.

"काही नाही बाबा, कामाचं आहे."

माझ्या अनुभवात 'काही नाही' हे उत्तर काहीतरी असतं तेव्हाच मिळतं. त्या दिवशी तीनचं रीडिंग घेतलं आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. आतापर्यंत तिचे सहकारी सांभाळून घेत होते, पण तिची दुसरी समज त्याच दिवशी आली. जेवताना ती खाली बघून जेवली. मला वाईट वाटलं, पण मी स्वतःला बजावलं की चोर सापडेपर्यंत वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता तीही माझ्याकडे बघायला लागली होती. मी बोर्डाशी उभा असलो की तिच्या खोलीचं दार बोटभर उघडायचं. मी वळलो की मिटायचं. पाणी प्यायला आल्यासारखं करून ती माझ्या हातांकडे बघून जायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

महिना संपायला आठ दिवस राहिले. शनिवार होता, सूनबाईला सुट्टी. चिरंजीव कामावर, सासू-सुना बाजारात. मी तिच्या खोलीत गेलो. माझं घर आहे, माझी वीज आहे, असं मनाशी दोनदा म्हटलं. एकदा म्हणून भागलं नाही, ह्यावरूनच मला कळायला हवं होतं.

हिटर नव्हता. टेबलाखाली नाही, पलंगाखाली नाही, कपाटामागे नाही. ते पार्सल सापडलं. भिंतीतल्या प्लगवर बसवायचा वीज मोजायचा लहान मीटर होता तो, आणि कॉम्प्युटर त्याच्यातूनच जोडला होता. त्यावर कागद चिकटवलेला: 'आधी ७८० वॉट. दिवे बंद, गेमचा वेग कमी, ग्राफिक्स कार्डाला मर्यादा घालून ५४०.' म्हणजे ही पोरगी मला न सांगता आपल्या पेटीची भूक कमी करत होती. आमच्या इस्त्रीच्या निम्म्यावर आणली होती तिने.

मीटरशेजारी वही होती. दोनशे पानी. रकाने आखलेले. ते रकाने बघून मी उभ्या उभ्याच वाचायला लागलो.

'काय घडलं: सासरे दुपारी तीनला बोर्डाजवळ. तीन टकटक. मग स्वतःच्या खोलीत. चार ते सहा मिनिटांत वीज गेली. किती वेळा: एकोणीसपैकी एकोणीस.'

खाली: 'सासरे घरी नसताना (डोळ्यांचा दवाखाना दोनदा, न्हावी, मित्राकडे): कॉम्प्युटर आणि मशीन दोन्ही चालू. वीज गेली नाही. चारपैकी चार.'

आणि त्याखाली, अक्षर जरा वेगळं, दाबून लिहिलेलं: 'मला इथून घालवायचं आहे म्हणून?'

मी ते पान पुन्हा वाचलं. मी तिच्यावर पाळत ठेवत होतो ते ठीक, पण ती माझ्यावर? आणि कसली टकटक? मी कशाला टकटक करू? ज्या माणसाने चौतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याच्यावर असा आळ? वही मी जागेवर ठेवली नाही. हातात घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिलो.

दोघी परत आल्या. सूनबाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. भाजीची पिशवी तिने हळूच खाली ठेवली.

"तुम्ही माझ्या खोलीत गेला होतात?"

"गेलो होतो. चूक झाली. पण हे जे लिहिलंयस ते खोटं आहे."

"ते खोटं नाही, बाबा. जे बघितलं तेवढंच लिहिलंय."

"मी मुद्दाम वीज घालवतो?"

तिने नुसतं वहीकडे बोट दाखवलं. ही मध्ये पडेल असं मला वाटलं होतं. माझ्या बाजूने एखादा शब्द तरी बोलेल. पण ही पिशवीतली भाजी काढून टेबलावर मांडत बसली.

"आज तीन वाजता सगळे इथे उभे राहा," मी म्हटलं. "मशीन लावा, कॉम्प्युटर लावा. मी रीडिंग घेईन आणि स्विचला हातही लावणार नाही. मग बघू कोण काय करतं ते."

"चालेल," सूनबाई म्हणाली. "आज सुट्टीच आहे. समज यायची भीती नाही."

पावणेतीनला तिने गेम चालू केला, असा की पेटीचे पंखे पॅसेजपर्यंत ऐकू यावेत. हिने मशीन लावली. दोन्ही बिल्ले जागच्या जागी. तीन वाजता मी बोर्डापुढे उभा राहिलो. दोघी माझ्या मागे. माझा एक हात पाठीशी होता, मुद्दाम, सगळ्यांना दिसावा म्हणून. दुसऱ्या हातात पेन्सिल.

"बारा," मी वाचलं. "काटा थरथरतोय, दोघींनी बघा. लिहिलं. मी काही केलं?"

"केलंत," सूनबाई म्हणाली.

"काय केलं?"

"आता टकटक केलीत. तीन वेळा."

मी हिच्याकडे बघितलं. हिने मान डोलावली. "केलीत हो. रोजच करता."

पाठीशी धरलेला माझा हात पाठीशी नव्हता. तो पुढे, मीटरच्या काचेजवळ होता, आणि बोट अजून वाकलेलंच होतं. मी खरं सांगतो, तो तिथे कधी गेला हे मला कळलं नव्हतं. चौतीस वर्षं रोज चोवीस मीटरांवर मारलेली टिचकी ती. पापणी लवते तशी.

"टिचकीने वीज जात नाही," मी म्हटलं. आवाज मात्र मलाच खात्रीचा वाटला नाही.

"आता थांबा," सूनबाई म्हणाली.

आम्ही तिघं त्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये उभे राहिलो. काटा आणखी थरथरायला लागला. चौथ्या मिनिटाला फळीतून बारीक चरचर ऐकू आली. इतके दिवस ह्या वेळी मी माझ्या खोलीत बसून सूनबाईच्या दाराकडे कान लावलेला असायचा, बोर्डाकडे नाही. पाचव्या मिनिटाला एमसीबी पडला आणि मशीन, पंखे, फ्रिज, सगळं एकदम गप्प झालं.

खाली जाऊन मी वीजबिलाच्या मीटरजवळचा मुख्य स्विच बंद केला, वर येऊन बोर्ड उघडला. एमसीबीत जाणारी तार बोटाने हलत होती. तिच्यावरचं आवरण वितळून तपकिरी झालं होतं, स्क्रू काळा पडला होता. ढिली तार तापते, तिच्या उष्णतेने एमसीबी तापतो, आणि तापलेला एमसीबी बारा अँपिअरलाही पडतो. भार जास्त असताना फळीला जरा हादरा बसला की पुरे. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती तार मीच बसवली होती, अ‍ॅमीटर लावला त्या दिवशी. सबस्टेशनात मी काटे वाचले. तारा आवळायला फिटर यायचा, आणि त्याने आवळलेल्या तारा चार दिवसांनी दुसरा फिटर येऊन पुन्हा आवळायचा. हे दुसऱ्यांदा आवळणं माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळ्या घरावर मी संशय घेतला, एवढा एक स्क्रू सोडून.

आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर फळी पेटली असती. हेही मी मोठ्याने सांगितलं, कारण ते सांगणं भाग होतं.

सूनबाईने वाकून तो काळा स्क्रू बघितला. मग म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय."

"मला वाटलं तू चोरून हिटर चालवतेस."

"उन्हाळ्यात?"

"हिनेही हेच विचारलं होतं."

ती हसली. मीही हसलो. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की जे कधी बोललो नव्हतो तेही बोलून गेलो. "हे बघ, तुम्ही गेलेलं मला नको आहे. तुम्ही आल्यापासून घर घरासारखं वाटतंय. सोमवारी इलेक्ट्रिशियन बोलावतो, तुझ्या खोलीला वेगळी तार, वेगळा एमसीबी टाकून घेऊ. ते बिल्ले काढून टाकतो. आता घर बघायची काही गरज नाही."

सूनबाईचं हसू थांबलं. ती माझ्याकडे न बघता हिच्याकडे बघायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आम्ही परवाच नव्या घराच्या मालकाला शब्द दिलाय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी जायचंय."

"परवा? महिना संपायला अजून आठ दिवस आहेत. महिनाअखेरपर्यंत बघू असं ठरलं होतं ना? कोणाला विचारून दिलात शब्द?"

"मला विचारून," ही म्हणाली.

ही भिंतीला टेकून उभी होती. पदराने हात पुसत होती, हात कोरडे असूनही.

"हिने मला ती वही दाखवली," ही म्हणाली. "रडत होती. म्हणाली, आई, बाबा असं मुद्दाम करतील का हो? मी म्हटलं, करतील. तुम्ही वेगळं बिऱ्हाड करा, तुझी नोकरी तरी टिकेल."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नीट ठेवता आला नाही, तो फरशीवर घरंगळत गेला.

"अगं, सदतीस वर्षं झाली आपल्याला," मी म्हटलं. "निदान एकदा मला विचारायचं होतंस. तुलाही माझा एवढा संशय आला?"

"संशय आला असता तर विचारलं असतं हो," ही म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला संशय आलाच नाही. मला खात्रीच होती, तुम्हीच."